ट्यूब अँप, टर्नटेबल आणि सबवूफर : जोडायचा तर कुठून?

सुईदोरा
इतकी वर्षं वाचनमात्र होते. आता स्वतःच अडकले म्हणून धागा काढतेय.

माझ्याकडे बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, आणि त्याचा बारीक सिग्नल मोठा करणारा वेगळा फोनो स्टेज आहे. पुढे ईएल८४ जातीच्या ट्यूबचा पुश-पुल (ट्यूबच्या जोडीने चालणारा) ट्यूब अँप, चॅनेलमागे साधारण १२ वॅटचा. शेवटी टू-वे बुकशेल्फ स्पीकर, मागे पोर्ट (हवेचं भोक) असलेले. तक्रार फक्त एकाच गोष्टीची. गळा, सारंगी, सॅक्सोफोन अगदी समोर येऊन बसतात, पण डबल बेस सुरू झाला की वादक खोलीत आणि वाद्य शेजारच्या खोलीत असं वाटतं. डग्ग्याचंही तेच. बोटं ऐकू येतात, पोट ऐकू येत नाही.

आता एक १० इंची सब (सबवूफर, फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) घरी आलाय. बंद पेटीचा आहे आणि त्याचा स्वतःचा अँप आत आहे. माझ्या ट्यूब अँपला सबसाठी वेगळं आउटपुट नाही. फोनो स्टेजच्या पुढे वाय-केबल लावून फाटा काढावा, की स्पीकरच्या टोकांवरून सिग्नल घ्यावा? टोकांवरून घेतला तर बिचाऱ्या १२ वॅटवर आणखी भार पडेल का? आणि खरी भीती अशी की ज्या गोडव्यासाठी ट्यूबच्या नादी लागले तोच गेला तर?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काचेची_नळी
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : जाईल. एवढा निगुतीने जमवलेला संच आणि त्याच्या बुडाशी क्लास डीचं (ट्रान्झिस्टर अँपचं) खोकं. स्पीकर भिंतीकडे चार बोटं सरकवा, खर्ज आपोआप वाढेल. पैसेही लागत नाहीत.

शेजारधर्म
खोली भाड्याची की स्वतःची? खालच्या मजल्यावर कोण राहतं? हे आधी सांगा, मग सबचं बोलू.

ओहमकार
@काचेची_नळी, भिंतीजवळ नेल्याने खर्ज वाढतो हे खरं. पण वाढतो तो बहुतेक ८० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तिथे वाढला की आवाज बसका होतो. डबल बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला बोलते. बुकशेल्फ स्पीकर तिथवर पोचतच नाही, मग भिंत कुणाला मदत करणार? शिवाय पोर्ट मागे आहे.

@सुईदोरा, वाय-केबलचा विचार सोडा. तुमच्या साखळीत आवाजाची खुंटी अँपमध्ये आहे आणि फोनो स्टेजचं आउटपुट तिच्या अलीकडे आहे. तिथून फाटा काढलात तर अँपची खुंटी कुठेही असो, सब आपला एकाच जोराने वाजत राहील. रात्री आवाज कमी कराल तेव्हा स्पीकर कुजबुजतील आणि सब गर्जेल.

सिग्नल घ्या स्पीकरच्या टोकांवरूनच. सबच्या मागे 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर लेव्हल' असं लिहिलेला इनपुट असतो. त्याचा अडथळा काही हजार ओहमपासून लाखभर ओहमपर्यंत असतो. भार किती पडतो ते आकड्यात बघू. १२ वॅट ८ ओहमला द्यायचे म्हणजे टोकांवर साधारण ९.८ व्होल्ट. एवढा व्होल्टेज १ लाख ओहमवर टाकला तर सब अँपकडून जेमतेम १ मिलिवॅट ओढतो. तुमच्या अँपला सब जोडल्याचं कळणारही नाही.

आता गोडव्याचं. टोकांवरून घेतलेला सिग्नल ट्यूबमधून आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून पार झालेला असतो. अँपचा स्वभाव त्याच्याबरोबर सबपर्यंत जातो. काही वेळा तर जरा जास्तच जातो. ट्यूब अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (आतला अडथळा) समजा २ ओहम आहे. स्पीकरचा इम्पीडन्स एका ठिकाणी ८ ओहम आणि खर्जाच्या उंचवट्यावर ३० ओहम आहे. मग टोकांवरचा व्होल्टेज त्या उंचवट्यावर साधारण १.४ डेसिबलने वर जातो. आउटपुट इम्पीडन्स ४ ओहम असेल तर २.४ डेसिबलने. स्पीकरचा तो बाक सबलाही दिसतो, म्हणून सबची पातळी कानाने ठरवावी लागते, आकड्याने नाही.

जोडताना एक गोष्ट पाळा. अँप बंद, प्लग बाहेर, आणि मगच तारांना हात. स्पीकरची तार सुटलेली असताना ट्यूब अँप चालू करून सिग्नल देऊ नका. ट्रान्झिस्टर अँप शॉर्टला घाबरतो, ट्यूब अँप मोकळ्या टोकांना. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज उसळतो आणि आतल्या आत ठिणगी पडू शकते. ट्रान्सफॉर्मर हाच त्या अँपचा सगळ्यात महागडा भाग.

तेहतीस_पूर्णांक_एक
+१. भर एवढीच की स्पीकर ज्या टॅपवर आहेत (४ ओहमचं टोक की ८ चं) त्याच टॅपवर सबच्या तारा लावा. काळी टोकं आतून चॅसीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेली आहेत का ते अँप बंद असताना मीटरने बघून घ्या. बहुतेक ट्यूब अँपमध्ये असतात, पण सगळ्यांत असतातच असं नाही. नसतील तर पुस्तिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुईदोरा
@ओहमकार, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. मोकळ्या टोकांचं माहीतच नव्हतं. स्पीकर बदलून बघताना मी हा उद्योग दोनदा केलाय. देवाची कृपा.

@शेजारधर्म, तळमजला आहे. खाली फक्त उंदीर.

शनिवारी जोडते आणि कळवते.

सुईदोरा
जोडला. काळी टोकं चॅसीला जोडलेली निघाली. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचेच सूर सब वाजवतो ती सीमा) ८० हर्ट्झवर आणि पातळी अर्ध्यावर ठेवली.

पहिली दहा मिनिटं स्वर्गात होते. मग सबच्या पुढची जाळी काढून बघितलं तर कोन आत-बाहेर असा हलतोय जणू जिना चढून धाप लागलीय. दोन गाण्यांमधल्या शांततेतही हलतोय, आणि आवाज काहीच नाही! एक रेकॉर्ड जराशी वाकलेली आहे, तिच्यावर तर फारच. वर अँपची खुंटी निम्म्याच्या पुढे नेली की 'ऊऊऊ' असा घोगरा सूर उठतो आणि वाढत जातो. घाबरून बंद केला.

सब खराब आहे का?

काचेची_नळी
सांगितलं होतं.

खरखर
सब ठणठणीत आहे. तुमच्या रेकॉर्डवर जे संगीत नव्हे तेही तो इमानाने वाजवतोय. बुकशेल्फ स्पीकरचे कोनही असेच हलत असणार, पण छोटे असल्याने आजवर तुमच्या नजरेत आलं नाही.

३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड सेकंदाला ०.५५ फेऱ्या मारते. तिला एक बाक असेल तर सुई सेकंदाला ०.५५ वेळा वर-खाली होते. बाकाला लहान उंचवटे असतील तर तीन, चार, पाच हर्ट्झपर्यंतची हालचाल मिळते. कानाला यातलं काही ऐकू येत नाही, कार्ट्रिजला मात्र सगळं जाणवतं. त्यात फोनो स्टेज भर घालतो. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वाजवताना तो आरआयएए नावाच्या ठरलेल्या वक्राने परत उचलायचा असतो. २० हर्ट्झला हा उचल १ किलोहर्ट्झच्या तुलनेत साधारण १९ डेसिबल आहे. १९७६ साली आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने या वक्राला खालून २० हर्ट्झपाशी कात्री लावायची दुरुस्ती सुचवली ती याच घरघरीसाठी. पुष्कळ फोनो स्टेजमध्ये ती घेतलेली नसते.

आणि हे ओझं एकट्या सबचं नाही. त्याच आवाजासाठी वारंवारता निम्मी झाली की कोनला चौपट हलावं लागतं, हे सबचं दुखणं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा तेवढ्याच व्होल्टेजला वारंवारता उतरेल तसा चुंबकत्वाने लवकर भरतो, हे तुमच्या अँपचं. म्हणजे ५ हर्ट्झची न ऐकू येणारी लाट १२ वॅटमधला वाटा खाते आणि गळा धूसर करते. सब नव्हता तेव्हाही हे चालूच होतं.

तुमचा सब बंद पेटीचा आहे हे नशीब. पोर्टवाल्या सबमध्ये पोर्टच्या सुराखाली कोनला हवेचा आधार उरत नाही. तिथे ही धाप दुप्पट दिसली असती.

ओहमकार
खरखर यांच्याशी सहमत. पण एक शंका आहे. @सुईदोरा, सबकडे किती तारा गेल्यात आणि कुठून कुठे?

सुईदोरा
केबलमध्ये तीन तारा होत्या. लाल डाव्या स्पीकरच्या धन टोकाला, काळी डाव्याच्या ऋण टोकाला. पिवळी कशासाठी ते कळलं नाही म्हणून टेप गुंडाळून ठेवली. सब एकच आहे ना, मग एका चॅनेलवरून घेतलं तर बिघडलं कुठे?

ओहमकार
तिथेच बिघडलं!

पिवळी दुसऱ्या चॅनेलच्या धन टोकाला जाते. (रंग कंपनीगणिक बदलतात, तुमच्या सबची पुस्तिका बघा.) एका चॅनेलवरून घेतल्याने निम्मं संगीत जातं हा छोटा तोटा झाला. मोठा तोटा वेगळाच आहे आणि तो फक्त रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना होतो.

स्टिरिओ खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत तिरक्या असतात, एकीवर डावा चॅनेल, दुसरीवर उजवा. सुई आडवी हलली की दोन्ही चॅनेलना सारखा सिग्नल मिळतो. सुई उभी, म्हणजे वर-खाली हलली की दोन्ही चॅनेलना उलटसुलट सिग्नल मिळतो, एकाला अधिक तर दुसऱ्याला उणे. आता सांगा, वाकलेली रेकॉर्ड सुईला कुठल्या दिशेने हलवते?

वर-खाली. म्हणजे डावा आणि उजवा बेरजेत आले की वाकडेपणाची ही हालचाल स्वतःलाच खोडते. सब दोन्ही चॅनेलची आत बेरीज करतो. तुम्ही बेरजेतला एक आकडाच टेप लावून ठेवलात, मग खोडायला उरलं कोण? कार्ट्रिजचे चॅनेल तंतोतंत सारखे नसतात, पण दोघांत १ डेसिबलचा फरक धरला तरी बेरजेनंतर उरतो तो भाग एकट्या चॅनेलपेक्षा साधारण १९ डेसिबल खाली असतो.

टेप काढा.

मंद्र_सप्तक
अरेच्चा! वीस वर्षं रेकॉर्ड ऐकतोय, हे कधी डोक्यात आलं नाही.

सुईदोरा
टेप काढली, पिवळी उजव्याच्या धनाला लावली. (अँप बंद करून!) साध्या रेकॉर्डवर कोन आता शांत असतो. वाकलेलीवर अजून थोडा श्वास घेतो, पण ती धाप गेली. आवाजही भरला, कारण आधी उजवीकडचं काही पोचतच नव्हतं.

तो घोगरा 'ऊऊऊ' मात्र तसाच आहे.

लांबकान
मी इथे वयाने बहुधा सगळ्यात मोठा, म्हणून न विचारता बोलतो. एक सब म्हणजे अर्धवट काम. डाव्याला एक, उजव्याला एक, असे दोन घ्या. स्टिरिओ खर्जाची मजा वेगळीच.

खरखर
काका, आदर ठेवून असहमत. डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा सब केला की ओहमकार यांनी आत्ताच खोडून दाखवलेली घरघर दोन्हीकडून पुन्हा आत येते. शिवाय रेकॉर्डवर स्टिरिओ खर्ज असतो तरी किती? खर्ज दोन चॅनेलमध्ये उलटसुलट असेल तर कापणारी सुई खोल-उथळ होते, खाच जागोजाग तुटते आणि ऐकणाऱ्याची सुई उडते. म्हणून मास्टर कापताना खालचा पट्टा बहुतेकदा मधोमध आणलेला असतो.

दोन सबचा फायदा आहेच, पण तो खोलीसाठी. दोघांनाही तीच बेरीज द्या आणि वेगवेगळ्या जागी ठेवा, म्हणजे खोलीतले खड्डे-उंचवटे सपाट होतात.

लांबकान
हम्म. माझ्याकडे दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या चॅनेलवर. आज जाळ्या काढून बघतो.

तेहतीस_पूर्णांक_एक
@सुईदोरा, 'ऊऊऊ' म्हणजे सब आणि सुईचं एकमेकांशी बोलणं. सब जमीन हलवतो, जमिनीने टेबल, टेबलाने सुई, सुईचं अँपने मोठं केलं की पुन्हा सब. टर्नटेबल कशावर आहे आणि खोलीत कुठे?

तोपर्यंत एक चाचणी करा. मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा आणि खुंटी हळूहळू वर न्या. हात खुंटीवरच राहू द्या. गुरगुर सुरू झाली की लगेच खाली. रोज ऐकता त्याच्या बऱ्याच पुढपर्यंत शांतता राहिली पाहिजे. मग टर्नटेबलच्या फळीवर बोटाने टिचकी मारा. 'टक्' आलं तर ठीक, 'ढूंऽऽ' आलं तर फळी दोषी.

सुईदोरा
टर्नटेबल कोपऱ्यातल्या लाकडी कपाटावर आहे. सब त्याच कपाटाशेजारी, कारण केबल तेवढीच लांब.

टिचकीला 'ढूंऽऽ' आलं.

तेहतीस_पूर्णांक_एक
मग गुन्हेगार आणि साक्षीदार एकाच कोठडीत ठेवलेत तुम्ही.

कोपरा ही खोलीतली सगळ्यात जास्त दाबाची जागा. खर्जाच्या सगळ्या लाटा तिथे येऊन चढतात. टर्नटेबल तिथून आधी हलवा. भिंत पक्की असेल तर भिंतीत ठोकलेली फळी सगळ्यात बरी, जमिनीशी नातंच तुटतं. सबखाली मऊ पाय किंवा फोमची बैठक द्या, टोकदार खिळे नकोत. आणि ऐकताना टर्नटेबलचं झाकण काढून ठेवून बघा, ते प्लास्टिक हवेतला खर्ज पडद्यासारखं झेलतं. सबसाठी लांब केबल करा. इनपुटचा अडथळा मोठा आहे, साधी पातळ तार पुरते.

मुका_ताशा
ट्यूबचं पण बघा. माझ्या प्रीमधली (मुख्य अँपच्या आधीच्या टप्प्यातली) एक ईसीसी८३ ट्यूब सबपासून हातभर अंतरावर होती आणि घंटीसारखी वाजायची. पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमधून 'टिंग'. ट्यूब बदलली, सब लांब नेला, प्रश्न मिटला.

सुईदोरा
भिंतीत फळी ठोकली. (शेजारधर्म, छिन्नी-हातोड्याचा आवाज कुणाच्या हद्दीत येतो?) सब समोरच्या भिंतीला, दोन स्पीकरांच्या मधे पण थोडा डावीकडे. 'ऊऊऊ' पूर्ण गेला. थांबलेल्या रेकॉर्डवर खुंटी पाऊण फिरवली तरी शांतता.

वाकलेल्या रेकॉर्डवरचा श्वास मात्र खुपतोय. तो का जात नाही?

खरखर
आता आर्मकडे (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याकडे) वळू. आर्म आणि कार्ट्रिज मिळून स्प्रिंगला टांगलेलं वजन असतं आणि त्याला स्वतःचा एक सूर असतो. तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडावा. खाली गेला तर रेकॉर्डच्या वाकडेपणाशी गाठ पडते, वर गेला तर संगीताशी.

सूत्र : १५९ ला (वस्तुमान गुणिले कम्प्लायन्स) या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा. वस्तुमान म्हणजे आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज. कम्प्लायन्स म्हणजे सुईच्या दांडीचा लवचिकपणा. तुमचे आकडे द्या.

सुईदोरा
आर्म ११, कार्ट्रिज ६, स्क्रू १, म्हणजे १८ ग्रॅम. पुस्तिकेत कम्प्लायन्स २० लिहिलाय. गुणाकार ३६०, वर्गमूळ १९, उत्तर ८.४ हर्ट्झ. पास झाले ना?

खरखर
तो २० कुठल्या वारंवारतेला मोजलाय? बारीक अक्षरांत बघा.

सुईदोरा
'१०० हर्ट्झ' लिहिलंय.

खरखर
मग पास नाही. सूत्राला १० हर्ट्झचा आकडा लागतो. १०० हर्ट्झला मोजलेला आकडा त्यापेक्षा लहान येतो, आणि जपानी कार्ट्रिजच्या पुस्तिकांत बरेचदा तोच छापतात. ढोबळमानाने दीडपट ते दुप्पट धरा. म्हणजे तुमचा कम्प्लायन्स ३० ते ४०, आणि खरा सूर ६ ते ७ हर्ट्झ. वाकलेल्या रेकॉर्डचं बोट नेमकं याच तारेवर पडतंय. बेरीज उभी हालचाल खोडते, पण आर्म डोलायला लागला की थोडी आडवीही होते, आणि आडवी खोडली जात नाही.

वजन वाढवू नका, सूर आणखी खाली जाईल. हलके स्क्रू लावून मिळतं ते चिमूटभर. खरा उपाय म्हणजे कमी कम्प्लायन्सचं कार्ट्रिज किंवा हलका आर्म. नाहीतर फोनो स्टेज आणि अँपच्या मधे सबसॉनिक (न ऐकू येणारा खर्ज कापणारा) फिल्टर, २० हर्ट्झच्या खाली १८ डेसिबल प्रति सप्तक उताराचा. तो अँपच्या आधी बसतो म्हणून ट्यूब अँप, स्पीकर आणि सब तिघांचाही श्वास मोकळा होतो. सबपुरता वेगळा फिल्टर लावून हे साधत नाही.

काचेची_नळी
कार्ट्रिज बदला, फिल्टर नको. सिग्नलच्या वाटेत जितकं कमी तितकं बरं.

खरखर
आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

सुईदोरा
खणात एक जुनं कार्ट्रिज आहे, वजन तेच ६ ग्रॅम, कम्प्लायन्स १२ आणि तो १० हर्ट्झलाच मोजलेला. १८ गुणिले १२ म्हणजे २१६, उत्तर १०.८. आज बसवते.

दरम्यान नवीन भानगड. डबल बेस आता खोलीत आलाय, पण सगळ्यात खालच्या दोनतीन सुरांना अचानक गायब होतो. उठून दाराशी गेले की तिथे दणकून ऐकू येतो. खोली ४ मीटर बाय ३.२ मीटर, उंची ३ मीटर. खुर्ची खोलीच्या मधोमध.

ओहमकार
खुर्चीच चुकीच्या जागी आहे. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद. भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, म्हणजे ८ मीटर, उत्तर ४३ हर्ट्झ. ही खोलीची पहिली उभी लाट (स्टँडिंग वेव्ह, भिंतींमधे जागच्या जागी थरथरणारी). भिंतींपाशी तिचा जोर सगळ्यात जास्त आणि बरोबर मधे शून्य. खालची ई तार ४१ हर्ट्झला. तुम्ही खड्ड्यात बसून डोंगर शोधताय. खुर्ची अर्धा-पाऊण मीटर मागे घ्या, अगदी भिंतीला टेकवू नका.

रुंदीचा हिशोब ५४ हर्ट्झ येतो, उंचीचा ५७. हे दोघे जवळजवळ आहेत म्हणून त्या भागात सूर फुगेल, त्याची तयारी ठेवा.

सबची जागा शोधायची जुनी युक्ती : सब तात्पुरता खुर्चीवर ठेवा, सावकाश चालणाऱ्या बेसची रेकॉर्ड लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरा. जिथे सगळे सूर सारखे वाटतील तिथे सब ठेवायचा. घरचे हसतील. हसू द्या.

मंद्र_सप्तक
क्रॉसओव्हर आणि फेज (सब आणि स्पीकरच्या लाटांचा मेळ) यांसाठी माझी पद्धत लिहितो. यंत्र नाही, फक्त तबला लागतो.

क्रॉसओव्हर ८० ला ठेवू नका. तुमचे स्पीकर त्याच्या बरेच खाली जातात आणि त्यांना कुणी खालून कापलेलं नाही, म्हणजे मधल्या पट्ट्यात दोघे एकदम बोलतात. ५० पासून सुरू करा आणि थोडं थोडं वर या. मग विलंबित तबल्याची रेकॉर्ड लावून फक्त डग्ग्याची मींड ऐका. मनगट पुढे सरकतं तसा सूर वर चढतो, एका सलग रेषेत. सब आणि स्पीकर यांच्या सांध्यावर फेज चुकली असेल तर त्या रेषेत एका जागी भोक पडतं, किंवा ती मधेच फुगते. फेजचा खटका ० वर आणि १८० वर ठेवून दोन्हीकडे ऐका. ज्या बाजूला मींड न अडखळता जाते ती बाजू बरोबर. सायनसॉइडल सूर लावून मोजता येतंच, पण मींड म्हणजे वादकाने हाताने केलेला स्वीपच (सलग सरकणारा सूर) आहे. कान त्याला फसत नाही.

सगळ्यात शेवटी पातळी. सब ऐकू येईपर्यंत वाढवा आणि मग तो नाहीसा वाटेपर्यंत कमी करा. बंद केल्यावर जाणवलं पाहिजे, चालू असताना नाही.

लांबकान
जाळ्या काढून बघितल्या. दोन्ही कोन एकमेकांच्या उलट हलत होते, एक आत तर दुसरा बाहेर. अगदी ओहमकार म्हणतात तसंच. आता दोन्हींना दोन्ही चॅनेल दिलेत. म्हाताऱ्याने माघार घेतली असं समजा.

तेहतीस_पूर्णांक_एक
ट्यूब अँपच्या इनपुटला छोटा कपॅसिटर लावून स्पीकरचा खर्ज काढून टाका, असा सल्ला पुढे कुणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. इनपुट इम्पीडन्स १ लाख ओहम असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरॅड साधारण ७२ हर्ट्झच्या खाली उतार देतो. अँप खूप मोकळा होतो, कल्पना उत्तम. पण तुमचा सब टोकांवरून सिग्नल घेतोय, म्हणजे त्याच्याही ताटातून तेवढंच कमी होईल. हे करायचं तर वेगळा प्री हवा, ज्यातून खुंटीच्या नंतरचा सिग्नल दोन वाटांनी निघतो. या संचात नको.

काचेची_नळी
पुढे कुणीतरी म्हणजे मीच. लिहितच होतो.

सुईदोरा
दोन आठवड्यांनी अपडेट. जुनं कार्ट्रिज बसवलं, वाकलेल्या रेकॉर्डवरही कोन आता नुसता थरथरतो. खुर्ची ६० सेंटिमीटर मागे. रांगून झालं (घरचे हसले, मांजर पाठीवर चढली). सबला जागा मिळाली ती डाव्या भिंतीला, साधारण तिच्या एक तृतीयांशावर. तिथे ५५ च्या आसपासचा फुगवटा सगळ्यात कमी वाटला. क्रॉसओव्हर ५० च्या जरा खाली, फेज १८०, पातळी पावपेक्षाही कमी. मींड सलग जाते.

न मागता मिळालेली गोष्ट म्हणजे गळा स्वच्छ झाला. हे सबमुळे की कार्ट्रिज बदलल्यामुळे, सांगता येत नाही. दोन्ही एकदम केल्याचा तोटा.

खरखर
ती ६ हर्ट्झची लाट अँपमधून नाहीशी झाली, त्याचा यात बराच वाटा असावा. पडताळायचं तर सब बंद करून ऐका. तरी गळा स्वच्छ असेल तर श्रेय कार्ट्रिजचं.

सुईदोरा
बंद करून ऐकलं. स्वच्छच आहे. नुसता एकटा पडल्यासारखा वाटतो.

मुका_ताशा
धागा वर काढतोय. वाचून मीही तीन तारा लावल्या (तिन्ही!), पण सबमधून सतत 'म्म्म' येतोय. आर्म स्टँडवर असला तरी येतो.

ओहमकार
आर्म हाताने रेकॉर्डवर आत नेताना 'म्म्म' कमी-जास्त होतो का? होत असेल तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरतंय, सब किंवा अँप टर्नटेबलपासून लांब न्या. होत नसेल तर अर्थचा फेरा आहे, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेलाय. सब आणि अँप दोन्हीला तीन पिनचे प्लग, दोघे वेगवेगळ्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये, आणि मधे काळी तार, असं असणार. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अर्थची पिन मोडायचा किंवा टेप लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ट्यूब अँपच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

मुका_ताशा
आर्म हलवून फरक पडला नाही. एकाच बोर्डवर घेतलं. गेला.
आता डग्ग्याची रेकॉर्ड शोधतो.